दाढदुखी आणि डोंगरवाट



व्याख्यानमालेत दातांवर बोलावयाचे म्हटले की श्रोत्यांच्या चेहऱ्यावर थोडे हसू उमटते. वसंत ऋतूत इतिहास, अर्थकारण, संतवाङ्मय असे भारदस्त विषय ऐकण्याची आपल्याला सवय. त्यांच्या पंगतीला दाढेने येऊन बसावे हे काहीसे विजोडच वाटते. पण ज्याची दाढ मध्यरात्री ठणकू लागली आहे अशा गृहस्थाला विचारून पाहा. त्या घटकेला जगात दुसरा विषयच नाही, असे तो सांगेल. शिवाय आज मला जे सांगावयाचे आहे ते दातांविषयी जितके आहे तितकेच वाटेविषयी, गाडीभाड्याविषयी आणि बुडालेल्या मजुरीविषयी आहे. अक्कलकुव्यासारख्या तालुक्यात हे चार विषय वेगळे काढताच येत नाहीत.

मोलगीच्या पलीकडील एखाद्या पाड्यावरील तिशीच्या मजुराची कल्पना करा. त्याची डाव्या बाजूची खालची दाढ दुखू लागते. पहिल्या दिवशी तो लवंग धरतो. दुसऱ्या दिवशी तंबाखूची चिमूट दाबून ठेवतो. तिसऱ्या दिवशी बाजारातील दुकानातून गोळी आणतो. दुखणे थांबते, तो कामाला लागतो, आणि पंधरा दिवसांनी गाल सुजतो. आता मात्र निघणे भाग असते. पाड्यावरून सडकेपर्यंत पायी, तेथून जीप, मग देवगोईचा घाट उतरून अक्कलकुवा. सोबत एक माणूस हवा, म्हणजे दोघांची मजुरी बुडाली आणि दोघांचे भाडे लागले. डॉक्टर दाढ पाहून म्हणतात, “भाऊ, ही दाढ वाचू शकते. आतील शीर साफ करू, पुन्हा बोलावू, मग भरू आणि वरून टोपी बसवू. तीनचार वेळा यावे लागेल.” तो मनातल्या मनात हिशेब करतो आणि म्हणतो, “साहेब, काढूनच टाका.”

दाढ निघते, आणि दुखणे थांबल्यामुळे माणूस समाधानाने परत जातो. ह्यात दोष कोणाचा? डॉक्टरांनी योग्य तोच सल्ला दिला होता. रोग्यानेही अडाणीपणा केला नाही; त्याचा हिशेब अगदी चोख होता. दाढ काढण्यास एक खेप लागते आणि राखण्यास चार खेपा लागतात. ज्याचे घर दवाखान्याच्या गल्लीत आहे त्याला ह्या दोहोंत फारसा फरक वाटत नाही. ज्याचे घर घाटाच्या वर आहे त्याच्यासाठी चार खेपा म्हणजे आठ दिवसांचे पोट. नर्मदाकाठच्या मणिबेलीकडील गावांत तर सडकेऐवजी पाणी आणि जीपऐवजी नाव येते. तात्पर्य, दंतसेवेचा प्रश्न म्हणजे “डॉक्टर आहे की नाही” एवढाच नव्हे. अंतर जसे वाढते तसा उपचाराचा दर्जाही आपोआप खालावतो. कारण दूरच्या माणसाला परवडणारा उपचार एकच उरतो, तो म्हणजे चिमटा. आजच्या माझ्या बोलण्याचे सूत्र हेच आहे. जो उपचार चार खेपांचा आहे तो एका खेपेचा कसा करावा, आणि जो एका खेपेचा आहे ती खेपही कशी वाचवावी, हे पाहावयाचे आहे.

त्यासाठी दात किडतो कसा, हे आधी समजून घेतले पाहिजे. दाताला कीड लागते असे आपण म्हणतो, पण तेथे अळी वगैरे काही नसते. दातांवर जंतूंचा एक चिकट थर सतत बसत असतो. आपण गोड किंवा पिठूळ खाल्ले की हे जंतू त्यातील साखरेचे आम्ल करतात, आणि त्या आम्लाने दाताच्या कठीण कवचातील क्षार विरघळू लागतात. लाळ हे आम्ल धुऊन काढते आणि गेलेले क्षार थोडेफार परतही बसविते. म्हणजे तोंडात दिवसभर झीज आणि डागडुजी ही दोन्ही कामे चाललेली असतात. डागडुजीला सवड मिळाली तर दात टिकतो. म्हणूनच माणूस साखर किती खातो ह्याइतकेच तो ती दिवसातून किती वेळा खातो हेही महत्त्वाचे आहे. जेवणाबरोबर एकदा खाल्लेला गूळ जितके नुकसान करतो, त्याहून दिवसभर सात वेळा घेतलेला गोड चहा आणि मधूनमधून खाल्लेली बिस्किटे अधिक करतात. ज्वारी-मक्याची भाकरी, डाळ आणि रानभाजी हा सातपुड्याचा जुना आहार दातांना सोसत होता. आता पाकिटातील गोड खाऊ पाड्यापर्यंत पोहोचला आहे. मात्र दातांचा डॉक्टर पोहोचलेला नाही. व्यापाराची वाट आरोग्याच्या वाटेपेक्षा नेहमीच अगोदर बांधली जाते.

हे आपल्याच तालुक्याचे गाऱ्हाणे आहे असे समजू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगातील सुमारे 350 कोटी माणसांना तोंडाचा कोणता ना कोणता विकार आहे. आपल्या देशात दंतवैद्यकाचे पहिले महाविद्यालय डॉ. रफीउद्दीन अहमद ह्यांनी 1920 साली कलकत्त्यास काढले. मुंबईत नायर दंत महाविद्यालय 1933 साली निघाले. 1948 साली दंतवैद्यांचा कायदा झाला, पुढील वर्षी भारतीय दंत परिषद आली, आणि 2023 साली संसदेने त्या परिषदेच्या जागी राष्ट्रीय दंत आयोग आणणारा कायदा संमत केला. आज देशात तीनशेहून अधिक दंत महाविद्यालये आहेत. धुळ्यालाही अण्णासाहेब चूडामण पाटील ह्यांच्या नावाचे एक आहे. तेव्हा दातांचे डॉक्टर तयार होत नाहीत असे मुळीच नाही. पण दंतवैद्याचा धंदा मुख्यतः खाजगी. खुर्ची, यंत्रे, वीज, पाणी आणि पैसे देणारे रोगी जेथे असतील तेथेच तो स्थिरावतो. 2011 च्या शिरगणतीत नंदुरबार जिल्ह्याची लोकसंख्या 16,48,295 भरली आणि तीत शंभरात सुमारे 69 माणसे आदिवासी होती. हातावर पोट असलेल्या अशा वस्तीत बाजाराच्या नियमाने दंतवैद्य येईल अशी वाट पाहत बसणे व्यर्थ आहे. त्याला योजनेनेच आणावे लागते. आणि तो येईपर्यंत, व आल्यानंतरही, त्याच्यावाचून होणारी कामे आपण उरकून ठेवावी लागतात.

त्यांपैकी पहिले काम आश्रमशाळेत आहे. वयाच्या सहाव्या वर्षाच्या सुमारास मुलाच्या तोंडात अगदी मागे, दुधाच्या दाढांच्याही पाठीमागे, एक नवी दाढ येते. तिच्यासाठी कोणताही दात पडत नाही, त्यामुळे ती आल्याचे घरात कोणाच्या ध्यानातही येत नाही. पुढे ती किडली की आईबाप म्हणतात, “दुधाचीच आहे, पडेल.” पण ती पडावयाची नसते, ती जन्माची सोबतीण असते. सगळ्या चावण्याचा भार हिच्यावर, आणि कायमच्या दातांत फार वेळा सर्वांत आधी गमावली जाते ती हीच. आता योगायोग पाहा. ज्या वर्षी ही दाढ उगवते त्याच वर्षी सातपुड्यातील मूल आश्रमशाळेच्या पहिल्या इयत्तेत येते. पाड्यापाड्यांवर विखुरलेली मुले एका छपराखाली, एका नळावर, एका घंटेवर जमतात. दंतसेवेला ह्याहून सोयीची जागा शोधूनही सापडणार नाही.

तेथे करावयाचे काम अत्यंत साधे आहे. सकाळी आणि रात्री झोपण्यापूर्वी, घंटा वाजल्यावर, सर्व मुलांनी एकत्र दात घासावयाचे. टूथपेस्ट फ्लोराइडची हवी, आणि वेष्टनावर त्याचे प्रमाण दहा लाख भागांत 1000 ते 1500 भाग असे असावे. वाटाण्याएवढी पेस्ट पुरते. तीन वर्षांखालील बालकाला तांदळाच्या दाण्याएवढी. घासून झाल्यावर थुंकावे, पण भसाभस चुळा भरून औषध धुऊन टाकू नये. हे फ्लोराइड दाताच्या कवचात क्षार परत बसण्यास मदत करते. अमेरिकेत ग्रँड रॅपिड्स शहराने 1945 साली नळाच्या पाण्यातच ते योग्य प्रमाणात मिसळण्यास आरंभ केला. ज्या गावांना एक टाकी नाही, एक नळ नाही, झरा आणि हातपंप हेच ज्यांचे पाणी, तेथे तो मार्ग बंद आहे. म्हणून आपल्यासाठी टूथपेस्टच खरी. उलट ज्या विहिरीच्या पाण्यात फ्लोराइड मुळातच अधिक असते, तेथे दातांवर डाग पडतात आणि पुढे हाडेही आखडतात. पिण्याच्या पाण्यात ते लिटरमागे 1 मिलिग्रॅमपर्यंत असणे बरे, आणि दुसरे पाणी नसेल तर 1.5 ही शेवटची मर्यादा, असे भारतीय मानक आहे. म्हणून हातपंपाचे पाणी तपासून घेणे हेही दातांचेच काम समजावे. फिलिपाइन्समध्ये शाळांतून मुलांनी रोज एकत्र हात धुणे, एकत्र दात घासणे आणि वर्षातून दोनदा जंताचे औषध घेणे, अशी योजना शिक्षकांच्या हातून चालविली गेली. तेथे शाळाशाळांत डॉक्टर बसवावे लागले नाहीत. रोजच्या घंटेने ते काम केले.

येथे कोणी म्हणेल, आमचे बापजादे बाभळीच्या आणि कडुनिंबाच्या काडीने दात घासत होते, त्यांना कोठे पेस्ट लागली? काडीची मी निंदा करणार नाही. काडी नीट चावून तिचा मऊ कुंचला केला आणि सर्व दातांवरून फिरविला, तर थर निघतो. फक्त तिच्यात पेस्टमधील फ्लोराइड नसते, हे लक्षात ठेवावे. काडी फिरवून वर बोटाने थोडी पेस्ट लावली तरी पुष्कळ साधेल. निंदा करावयाची तर ती मिश्रीची करीन. तंबाखू भाजून केलेली ही पूड दात स्वच्छ करते असा समज आहे. ती दात स्वच्छ करीत नाही. ती तंबाखूची सवय लावते, हिरड्यांचे दुखणे झाकते आणि तोंडाच्या कर्करोगाचे बी पेरते. पेस्टमध्ये किंवा दंतमंजनात तंबाखू घालण्यास केंद्र सरकारने 1992 सालीच बंदी केली, आणि महाराष्ट्रात गुटख्यावर 2012 साली बंदी आली. पण घरच्या तव्यावर भाजलेल्या मिश्रीला कायदा कोठे पोहोचणार? तेथे सुनेने सासूला आणि नातवाने आजीलाच सांगावयाचे आहे.

दुसरे काम चार खेपांच्या उपचाराची एक खेप करण्याचे. हेही अशक्य नाही. 1980 नंतरच्या दशकात जो फ्रेन्केन नावाचे डच दंतवैद्य टांझानियात काम करीत असता, वीज नाही आणि यंत्र नाही अशा खेड्यांत दात भरावयाचे कसे, हा प्रश्न त्यांच्यापुढे आला. त्यांनी यंत्राऐवजी हाताच्या बारीक हत्याराने किडलेला मऊ भाग खरवडून काढला आणि खळगा सिमेंटसारख्या पदार्थाने भरला. टेबलावर उशी टाकून रोग्यास निजवावे, उजेड चांगला घ्यावा, एवढ्यावर काम होते. पुष्कळदा टोचण्याचीही गरज पडत नाही. ह्या पद्धतीसाठी पुढे ग्लास आयोनोमर नावाचे सिमेंट रूढ झाले. ते दाताला घट्ट चिकटते आणि थोडे फ्लोराइडही सोडीत राहते. दुसरा उपाय चांदीच्या एका क्षाराचा आहे. सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड ह्या द्रावाचा थेंब किडलेल्या जागी लावला की पुष्कळ वेळा कीड तेथेच थांबते. किडलेला भाग त्याने काळा पडतो, तेव्हा मुलाच्या आईबापांना ते आधी सांगून त्यांची संमती घेणे अगत्याचे. फ्लोराइडची टूथपेस्ट, हे सिमेंट आणि हा द्राव, ह्या तिन्ही वस्तू जागतिक आरोग्य संघटनेने 2021 साली आपल्या आवश्यक औषधांच्या यादीत घेतल्या. म्हणजे ही गरिबांसाठी केलेली तडजोड नव्हे, हा शास्त्रमान्य उपचार आहे. पण तो वेळेवर हवा. खळगा लहान आहे, दाढ अजून ठणकत नाही, तेव्हाच तो उपयोगी पडतो. शीर उघडी पडून गाल सुजल्यावर त्याचा उपयोग नाही.

म्हणून तपासणी दुखण्याच्या आधी व्हावयास पाहिजे. त्याची चौकट सरकारने घालून ठेवली आहे. 2013 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतील मुलांची वर्षातून 2 वेळा आणि शाळेतील मुलांची 1 वेळा तपासणी होते, आणि तीत दातही पाहावयाचे असतात. ग्रामीण रुग्णालयाच्या पातळीवर दंतवैद्याची जागा असावी, असे राष्ट्रीय मानक आहे. राष्ट्रीय मुख आरोग्य कार्यक्रमही आहे. उणीव आहे ती ह्या कड्या एकमेकींत अडकविण्याची. तपासणीत दात किडलेला सापडला, कागदावर खूण झाली, आणि पुढे मूल दवाखान्यात गेलेच नाही, तर ती खूण व्यर्थ. त्याऐवजी आश्रमशाळेची यादी तळोद्याच्या आदिवासी विकास प्रकल्पाच्या कार्यालयात जावी, ठरलेल्या दिवशी दंतवैद्य हत्यारे घेऊन शाळेतच यावा, आणि तीसचाळीस मुलांचे काम एका दिवसात व्हावे. मोठ्या माणसांसाठी आठवडे बाजाराचा दिवस धरावा. त्या दिवशी माणूस डोंगर उतरतोच, त्याची वेगळी खेप पडत नाही. दिवाळीनंतर कित्येक कुटुंबे ऊसतोडीसाठी गुजरातेत जातात. मोठे उपचार त्यांच्या जाण्यापूर्वी किंवा परतल्यावर, होळीच्या सुमारास, ठरवावेत. काठीच्या होळीला हजारो माणसे एकत्र येतात हे आपण जाणतोच. लोक जेथे आणि जेव्हा येतात तेथे आणि तेव्हा दवाखान्याने असावे, हा साधा व्यवहार आहे.

आता दर्जाविषयी दोन शब्द कठोरपणे सांगितले पाहिजेत. गरीब माणसाला काहीतरी मिळाले हेच पुष्कळ, अशी एक वृत्ती सेवाभावी मंडळींतही शिरते. ती घातक आहे. दाताची हत्यारे रक्ताला लागतात. कावीळ ब चा विषाणू वाळलेल्या रक्तातही आठवडाभर जिवंत राहू शकतो. हत्यारे नुसती उकळून भागत नाही; दाबाच्या वाफेत 121 अंश उष्णतेवर किमान 15 मिनिटे ती ठेवावी लागतात, आणि टोचण्याची सुई प्रत्येकाला नवीच हवी. शिबिरात शंभर रोगी पाहावयाचे असतील तर हत्यारांचे संचही त्या मानाने हवेत. ते नसतील तर रोगी कमी पाहावेत. बाजारात पथारी मांडून झटपट दात बसवून देणारे लोक आजही आढळतात. ते नवा दात शेजारच्या चांगल्या दातांना चिकटवून टाकतात. खाली घाण साचते आणि वर्षा-दोन वर्षांत शेजारचे दातही हलू लागतात. स्वस्तातला असा दात अखेर फार महाग पडतो. आणखी एक. शिबिराच्या अहवालात “इतके दात काढले” हा आकडा अभिमानाने छापतात. माझी विनंती अशी की त्याच्या शेजारी “इतके दात राखले” हाही आकडा छापावा. हे दोन आकडे शेजारी आले की सेवेचा दर्जा आपोआप उघड होतो.

आपल्या भागापुरती एक विशेष गोष्ट आहे. सातपुड्यातील आदिवासी समाजात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक विकार पुष्कळ आढळतो. त्यात लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होऊन बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. दाताची शीर ही अशाच बारीक वाहिन्यांवर जगते. त्यामुळे ह्या रोग्याचा दात वरून अगदी निरोगी असूनही ठणकू शकतो, क्वचित आतल्या आत मरतोही. चांगला दिसणारा दात दुखतो म्हणून घाईने उपटून टाकण्यापूर्वी “सिकलसेलची तपासणी झाली आहे का?” हा प्रश्न येथे विचारलाच पाहिजे. उलट, तोंडातील पू आणि ताप ह्यांनी ह्या रोग्याला प्राणांतिक कळांचा झटका येऊ शकतो. त्याच्या दातांची निगा हा चैनीचा भाग नसून औषधाचाच भाग आहे. सिकलसेलचे कार्ड असेल तर दंतवैद्याला ते आधी दाखवावे.

काही खुणा मात्र प्रत्येकाने पाठ कराव्यात, कारण त्यांत खेपेचा हिशेब करावयाचा नसतो. जबड्याखाली दोन्ही बाजूंनी सूज, ताप, गिळता न येणे, श्वासाला त्रास, असे झाले तर त्याच रात्री मोठे रुग्णालय गाठावे. दाताचा पू गळ्यात उतरून माणूस दगावू शकतो. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरणारी जखम, किंवा उघडलेल्या तोंडात आपली तीन बोटे उभी न मावणे, ह्या कर्करोगाच्या वा त्याच्या आधीच्या विकाराच्या खुणा असू शकतात. तिशीनंतरच्या माणसांची अशी तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांत व्हावयाची असते, आशाताईंना विचारावे. वेळीच सापडलेला चट्टा आणि उशिरा सापडलेली गाठ ह्यांत पुष्कळदा सबंध आयुष्याचे अंतर असते.

आपण अक्कलकुव्याचे नागरिक ह्यात काय करू शकतो? आपल्याला घाट उतरावा लागत नाही, म्हणून आपल्यावर थोडी अधिक जबाबदारी येते. ग्रामीण रुग्णालयात दातांची खुर्ची आहे का, ती चालू आहे का, दंतवैद्य कोणत्या वारी असतात, वाफेचे यंत्र नीट आहे का, हे प्रश्न सौजन्याने पण नेमाने विचारणे हे आपले काम. जवळच्या आश्रमशाळेला वर्षाची पेस्ट आणि ब्रश पुरविणे हे एखाद्या मंडळाला गणपतीच्या खर्चातून सहज झेपेल. दुकानदारांनी शाळेच्या तोंडाशी तंबाखूच्या पुड्या टांगू नयेत. कायदाही शाळेपासून 100 यार्डांच्या आत ती विक्री करू देत नाही. आणि आपल्या घरी कामाला येणारी बाई गालाला हात लावून उभी असेल, तर तिला गोळी देऊन कामाला न लावता त्या दिवशीची मजुरी देऊन दवाखान्यात पाठवावे. तिची एक खेप आपण वाचविली, तर कदाचित तिची दाढ वाचेल.

त्या मोलगीकडच्या मजुराकडे परत जाऊ. त्याची दाढ गेली, ती आता येणार नाही. पण त्याची मुलगी यंदा सहा वर्षांची होईल आणि जूनमध्ये आश्रमशाळेत येईल. त्याच महिन्याच्या आगेमागे तिच्या तोंडात ती नवी दाढ, कोणाला न कळत, डोके वर काढील. तिचे पुढे काय होणार, हे तोवर घंटा, पेस्ट आणि ठरलेल्या दिवशी येणारा डॉक्टर ह्या तीन गोष्टी आपण जमवितो की नाही ह्यावर ठरणार आहे. ही मुलगी पन्नाशीला पोहोचेल तेव्हा तिला भाकरी चावून खाता यावी, चहात बुडवून नव्हे, एवढीच आपल्या दंतसेवेची कसोटी असू द्या.